नाना बैठके आणि दोन जागांची गाडी

नानांना माझा चेहरा शेवटपर्यंत लक्षात राहिला नाही. पाच वर्षं मी टेंभी नाक्यावरच्या त्यांच्या दुकानाच्या माडीवर भाड्यानं राहिलो, रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत कचेरीत गेलो, तरी बाजारात समोरासमोर आलो की ते परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहून पुढे जायचे. मी चार पावलं गेलो की मग मागून हाक यायची, "अहो भाऊराव, इकडे कुठे?" पाठमोरा झाल्याशिवाय मी त्यांना भेटतच नसे. पहिल्या वर्षी मला याचा राग आला, दुसऱ्या वर्षी हसू आलं आणि नंतर मी स्वतःहूनच त्यांच्याकडे पाठ करून उभा राहू लागलो.

त्यांचं खरं आडनाव पांचाळ. गाव रत्नागिरीकडचं. पण त्यांना सगळे नाना बैठके म्हणत, कारण बैठक हा त्यांचा धंदाही होता आणि वेडही होतं. टांग्यांच्या गाद्या, वकिलांच्या खुर्च्या, दातांच्या डॉक्टरची ती भयंकर खुर्ची, पुढे मोटारी आल्या तशी मोटारींची कुशनं, सगळं नाना करत. काथ्या, घोड्याचे केस, स्प्रिंगा, सुतळी आणि हातभर दाभण एवढ्या भांडवलावर त्यांनी निम्म्या ठाण्याला बसवलं होतं. माणूस ओळखायचा तर तो बसताना पाहावा, असं त्यांचं ठाम मत होतं. चेहरा काय, गिऱ्हाईक घरून ठरवूनच आणतं, असं ते म्हणायचे.

स्वतः नाना मात्र कधी बसले नाहीत. उकिडवे राहून काम करायचे, उभ्यानं चहा प्यायचे आणि दमले की भिंतीला टेकायचे. मूळव्याध आहे, असं समोरचा न्हावी खात्रीनं सांगायचा. मी एकदा सरळच विचारलं, तर डोळे मिचकावून म्हणाले, "माझ्या मापाची अजून कुणी केली नाही, भाऊराव."

गादी झाली की तिची परीक्षा व्हायची, आणि त्या परीक्षेला बसायचा मान माझा होता. ताकानं काठोकाठ भरलेला पेला माझ्या तळहातावर द्यायचे, तळहात मांडीवर ठेवायला लावायचे आणि म्हणायचे, "बसा." मग उठा, परत बसा. नाना जमिनीला गाल लावून पाहत राहायचे. चांगली गादी माणसाला सावकाश घेते, असं त्यांचं म्हणणं होतं, ती माणसाला झेलत नाही आणि आपटतही नाही. ताकाचा एक थेंब सांडला तरी गादी उसवायची. त्यात दयामाया नव्हती. एकदा मला ऐन वेळी शिंक आली तरी त्यांनी सबंध टांग्याची गादी उसवली होती. मी शपथेवर सांगितलं की दोष माझ्या नाकाचा आहे. नाना म्हणाले, "थेंब खोटं बोलत नाही."

खोडकरपणा अंगात मुरलेला. कोर्टापाशी एक वकील होते. त्यांनी नानांना बोलावून दोन कामं सांगितली. स्वतःची खुर्ची मऊ करायची आणि पक्षकारांच्या बाकावर अशी गादी घालायची की माणूस दहा मिनिटांत उठून जाईल. लोक फार वेळ बसून रडगाणी गातात, असं त्यांचं म्हणणं. नानांनी दोन्ही कामं मन लावून केली, फक्त जागा बदलल्या. महिन्याभरात पक्षकार बाकावर डुलक्या घेऊ लागले आणि वकीलसाहेब उभ्यानं सल्ला देऊ लागले. उभ्यानं दिलेला सल्ला थोडक्यात आटपतो, त्यामुळे त्यांची वकिली उलट वाढली. दिवाळीला त्यांनी नानांकडे पेढे पाठवले. तेव्हा मात्र नाना दिवसभर खट्टू होते.

या माणसाची बायको डोंबिवलीला भावाकडे राहत होती. भावजयीच्या बाळंतपणाला गेली आहे, असं नाना सगळ्यांना सांगत. मी माडीवर राहायला आलो तेव्हा हेच उत्तर मिळालं आणि दोन वर्षांनीही तेच. मधल्या काळात ते बाळ चालू लागलं, बोलू लागलं, तरी बाळंतपण काही संपेना.

खरी हकिकत न्हाव्याकडून कळली, आणि ती खरी होती. यमुनाकाकूंचे गुडघे दुखायचे. चुलीपुढे बसायला एक लहानशी गादी करून द्या, असं त्या बारा वर्षं सांगत होत्या. नानांनी शेवटी केली. पण नाना कुठलीही गादी वाईट करूच शकत नसत. ती इतकी सुरेख झाली की दुकानात आलेल्या गिऱ्हाइकानं ती तिथूनच उचलली. नानांनी दुसरी केली. ती एका सावकाराच्या आईसाठी गेली. तिसरी तयार झाल्यावर काकूंनी स्वतः दुकानात येऊन पाहिली, हात फिरवला आणि संध्याकाळी परत आल्या, तर ती पाठमोऱ्या गिऱ्हाइकाच्या काखेत नाक्यावरून चाललेली. काकू भांडल्या नाहीत. "जिथं कुणी बसायला देईल तिथं जाते," एवढं म्हणाल्या आणि ट्रंक घेऊन निघाल्या. राहिला तो त्यांचा पाट. फणसाच्या लाकडाचा, बसून बसून मधोमध खोलगट झालेला. तो नानांनी दुकानात खिळ्याला टांगून ठेवला होता आणि त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

ती गाडी आली ती याच सुमाराला. दाजी पाटील हा बाळकुमकडचा, खाडीकाठी बापजाद्यांची मिठागरं. इंग्रज गेले तेव्हा कुणा साहेबाची उघडी, दोन माणसांची, शर्यतीत पळवायची गाडी त्यानं हौसेनं घेतली आणि ठेवायला जागा नाही म्हणून मिठाच्या कोठाराला टेकून उभी केली. तीन पावसाळे ती तिथं उभी राहिली. खारं वारं सीटांचे लोखंडी सांगाडे खाऊन गेलं आणि आतले घोड्याचे केस कोंबड्यांनी विस्कटले. आम्ही पाहायला गेलो तेव्हा डाव्या बाजूला एक कोंबडी अंडी उबवत होती. नाना तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "हिची बैठक चांगली आहे. उठवू नका." कोंबडीचं उरकेपर्यंत तीन आठवडे कामाला हात लागला नाही.

दाजीची इच्छा साधी होती. लाल चामड्याच्या नव्या सीटा बसवायच्या आणि बायकोला शेजारी घेऊन एकविरेला जायचं. मजुरी विचारली तर नाना म्हणाले की मजुरी नको, गाडी तयार झाली की एकदा डोंबिवलीला जाऊन यायचं. म्हाताऱ्याला गाडीत मिरवायचंय, असं दाजीला वाटलं. तो लगेच कबूल झाला.

याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं ते फक्त मला माहीत होतं. डोंबिवलीहून काकूंच्या भावाचं पत्र आलं होतं आणि नानांचा चष्मा सापडत नसल्यानं ते मी वाचून दाखवलं. भावाची भुसावळला बदली झाली होती. दसऱ्यानंतर सगळं बिऱ्हाड हलणार, ताईही आमच्याबरोबर येईल, तरी तिचा पाट तेवढा पाठवून द्यावा. नानांनी पत्राची घडी केली आणि ती दाभणांच्या डब्यात ठेवली. मग विचारलं, "भुसावळ किती लांब, हो?"

जुने सांगाडे कामातून गेले होते, म्हणून नवे निवडायला आम्ही तिघं कल्याणला गेलो. लढाई संपल्यावर छावणीतलं मोडीत निघालेलं सामान तिथं एका व्यापाऱ्याच्या अंगणात रचलेलं होतं. ट्रकांच्या सीटा, रुग्णवाहिकेचे बाक, विमानातल्या खुर्च्या. मला सुट्टी होती आणि नानांनी ताकाची बरणी बरोबर घेतली होती, म्हणजे माझं काम ठरलेलंच होतं. भर उन्हात मी वीसेक खुर्च्यांवर पेला घेऊन बसलो आणि उठलो. व्यापारी आमच्याकडे असा पाहत होता की जरा वेळानं पोलिसांना बोलावील. दाजी मात्र हसून हसून बेजार झाला होता. शेवटी नानांनी विमानातल्या दोन खुर्च्या निवडल्या, जस्ताच्या रंगाच्या, न गंजणाऱ्या. पण त्यातली एक ऐसपैस आणि दुसरी चांगलीच अरुंद.

दाजीनं विचारलं, "दोनी सारक्या का नाय घेत?"

चालवणाऱ्याला हातपाय हलवायला जागा लागते, असं नानांनी गंभीरपणे सांगितलं. दाजीला ते पटलं. मला पटलं नाही, कारण त्यांनी कनवटीची एक मापाच्या गाठी मारलेली सुतळी काढून दुसऱ्या खुर्चीला लावताना मी पाहिलं होतं.

पुढचे दोन महिने दाजी आठवड्यातून एकदा येऊन तक्रार करून जाई. उजवी सीट लाल चामड्याची झाली, फुगीर, ऐटदार. डावीवर नानांनी लाल रंगवलेली जाड सुती दोसुती चढवली. दाजी चिडला. एका गाडीत दोन तऱ्हा म्हणजे पंगतीत एकाला जिलबी आणि एकाला चटणी, असं काहीबाही बोलला. नानांनी शांतपणे विचारलं की पाटलीणबाई काय नेसतात. दाजी म्हणाला, लुगडं. "मग चामड्यावरून घसरून पायाशी येतील," नाना म्हणाले. "एकविरेच्या घाटात त्यांना शोधत बसाल." डाव्या सीटची बैठक इतकी बुटकी का, यावर लांब पल्ल्यात गुडघे दुखत नाहीत, हे उत्तर तयार होतं. पाठीचा बाक असा कमरेशी भरलेला का, याचंही काहीतरी सांगितलं. दाजी सरळ मनाचा माणूस. प्रत्येक वेळी मान डोलवून जायचा आणि बाळकुमला पोचेपर्यंत परत शंका यायची.

एक दिवस दुपारी मी अचानक कचेरीतून लवकर आलो. दुकानात नाना एकटेच होते. खिळ्यावरचा पाट काढून त्यांनी डाव्या सीटवर ठेवला होता आणि पाटाच्या खोलगट भागावरून हात फिरवत ते तसाच हात दोसुतीवर फिरवत होते. मला पाहून लपवायचा प्रयत्न त्यांनी केला, पण एवढा मोठा पाट लपवणार कुठे? मी म्हटलं, काकूंना आणायचंच असेल तर आगगाडीनं जाता येईल, अर्ध्या तासाचं काम.

"रिकाम्या हातानं जाऊन काय सांगू?" नाना म्हणाले. "ये म्हणायचं तर बस म्हणायला आधी काहीतरी हवं ना, भाऊराव." एवढं बोलून ते परत उकिडवे झाले आणि टाका घालायला लागले. मला फार वाईट वाटलं. मी कुणाला काही बोललो नाही. न्हाव्याला सोडून.

दाजीला कळलं ते पाटलीणबाईंकडून. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो त्यांना घेऊन आला. बाई चांगल्या भरल्या अंगाच्या, आणि स्वभावानंही तशाच मोकळ्या. त्यांनी सीटकडे एकदाच पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि हसू लागल्या. दाजीनं नानांकडे वळून विचारलं, "नाना, खरा सांग मना. ही कुनाच्या मापाची केलीस?"

नानांनी मान वळवली. ते भिंतीवरच्या पाटाकडे पाहत राहिले. पाटलीणबाईंचं हसू थांबलं. न्हाव्यानं आपलं काम चोख केलेलं असणार, कारण त्यांना सगळं माहीत होतं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "गारी घेऊन जा. पयली तिला आन. मी काय, बैलगारीन पन जाईन एकविरेला."

दसऱ्याला गाडीला झेंडूच्या माळा घातल्या. नाक्यावर ही गर्दी. दाजी चाकामागे बसला आणि नानांना बस म्हणाला, तर नाना डाव्या सीटवर बसेनात. तिच्या आधी त्यावर कुणी बसायचं नाही, अगदी मीसुद्धा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या सीटवर त्यांनी पांढरी चादर घातली आणि आपण सीटांच्या मागे सामान ठेवायच्या वीतभर फळीवर उकिडवे बसले. दोन्ही हातांनी दोन सीटा धरलेल्या, डोक्यावर काळी टोपी, मांडीत ताकाची बरणी. अशी ती मिरवणूक कळव्याच्या पुलाकडे गेली. डोंबिवलीपर्यंत रस्ता मुंब्र्यावरून, शीळफाट्यावरून, आणि पुढे तर रस्त्यापेक्षा खड्डेच जास्त.

दुपारी तीनला हॉर्न वाजला. मी माडीवरून पाहिलं. गाडीत दाजी होता आणि शेजारच्या सीटवर ट्रंक होती. हिरवी, पत्र्याची, सुताच्या दोरीनं नीट बांधलेली, वर लोणच्याची बरणी. यमुनाकाकू नाहीत, नानाही नाहीत. न्हावी वस्तरा हातात धरून बाहेर आला, त्याचं अर्धं दाढी झालेलं गिऱ्हाईकही आलं. काकूंनी सामान पाठवून दिलं आणि नानांना ठेवून घेतलं की काय, असं कुणीतरी हळूच म्हणालं. दाजी मात्र गालातल्या गालात हसत होता. त्यानं आम्हाला ताटकळवत आधी पाणी मागितलं, मग पान मागितलं, आणि मग सांगितलं.

काकू दारात आल्या तेव्हा नाना फळीवरून उतरले आणि त्यांनी चादर काढली. काकूंनी सीटला हात लावला, बैठकीच्या खोलगट जागेवरून फिरवला. मग बसल्या. नानांनी बरणीतलं ताक पेल्यात काठोकाठ ओतून त्यांच्या तळहातावर दिलं आणि दाजीला गाडी देवळाला वळसा घालून आणायला सांगितली. गाडी परत आली तेव्हा नाना रस्त्यात गुडघ्यांवर होते, थेंब शोधत. एकही नव्हता. काकू म्हणाल्या, ट्रंक आणते. ट्रंक आली. आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की फळीवर एक तर ट्रंक बसेल, नाही तर नाना.

"कोपऱ्याचा काथ्या मोजला यानं," दाजी सांगत होता. "टाचनी टाचनी मोजली. सोताला नाय मोजला."

नाना म्हणाले, तू गाडीनं जा, मी आगगाडीनं येतो. यावर काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. टोपी धुळीनं पांढरी, धोतर फळीला घासून फाटलेलं. मग त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं एकटीच बसले. गाडीतही एकटीच बसू?" आणि खाली उतरल्या. ट्रंक त्यांनी स्वतः सीटवर ठेवली, स्वतः दोरी बांधली आणि दाजीला पुढे व्हायला सांगितलं.

हे सांगून होतंय तोवर स्टेशनच्या बाजूनं दोघं चालत येताना दिसली. काकू पुढे, नाना दोन पावलं मागे. नानांच्या हातात रिकामी बरणी होती. ओळीनं उभे असलेल्या आम्हा सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे त्यांनी नेहमीसारखं अनोळखी नजरेनं पाहिलं आणि ते काकूंच्या मागून घरात गेले. आम्हाला कुणी विचारलंही नाही. ट्रंक मीच उतरवून आत नेली.

दाजीनं पुढे ती डावी सीट काढून नानांना देऊन टाकली आणि पाटलीणबाईंच्या मापाची दुसरी करून घेतली. ते एकविरेला गेले तेव्हा गाडी एका बाजूला कलली होती, पण पोचली. विमानातली ती खुर्ची नानांच्या ओटीवर आली. काकू तिच्यावर बसून तांदूळ निवडायच्या आणि गिऱ्हाइकांनी नजर टाकली की तिचे दोन्ही हात घट्ट धरायच्या.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला खाली गेलो. दारात पोचलो आणि तिथंच थांबलो. नाना बसले होते. जमिनीवर एक गादी होती आणि तिच्यावर नाना मांडी घालून बसले होते. गादी कुणी केली ते विचारायची गरज नव्हती. एक कोपरा वर, एक खाली, टाके वाकडेतिकडे, मधला काथ्या एकीकडे सरकून उंचवटा झालेला. समोर काकू गुडघा धरून, वाकून, जमिनीला गाल लावायच्या बेतात. नानांच्या तळहातावर ताकाचा पेला होता. पेला पाऊण रिकामा होता आणि ताक त्यांच्या मनगटावरून धोतरावर, धोतरावरून जमिनीवर ओघळत होतं.

काकूंनी विचारलं, "सांडलं का हो?"

नानांनी दुसऱ्या हातानं धोतराचा सोगा हळूच त्या ओल्या जागेवर ओढला.

"छे," ते म्हणाले. "थेंबसुद्धा नाही."